चहाच्या किटलीसाठीचा खेळ आणि साडेचारची वेळ

ब्रिटनमधली चॅनेल फोर ही वाहिनी 2 नोव्हेंबर 1982 रोजी सुरू झाली. त्या दिवशी दुपारी पावणेपाच वाजता तिच्यावर पहिला कार्यक्रम लागला तो ‘काउंटडाउन’. अक्षरं जुळवून शब्द करायचे आणि आकडे जुळवून उत्तर काढायचं, एवढाच खेळ. पहिली मालिका जेमतेम काही आठवड्यांची होती. त्याच रात्री सुरू झालेली ‘ब्रुकसाइड’ ही गाजलेली मालिका 2003 मध्ये बंद पडली. ‘काउंटडाउन’ मात्र चाळीस वर्षं उलटून गेली तरी चालू आहे आणि त्याचे आठ हजारांहून जास्त भाग झाले आहेत.

एवढं असूनही गेली वीस वर्षं त्याच्याविषयी बोलताना अनेकांचा सूर निरवानिरवीचा असतो. जुनी मंडळी गेली, प्रेक्षक आटले, काळ बदलला, आता किती दिवस रेटणार, असं बोललं जातं. मला हे मान्य नाही. या कार्यक्रमाचे दिवस जेव्हा जेव्हा फिरले, तेव्हा खेळात काहीही बिघडलेलं नव्हतं. त्याच्या आजूबाजूला घेतलेले निर्णय चुकले. त्यातला सर्वांत मोठा निर्णय वेळेचा होता आणि तो आजही दुरुस्त करता येण्यासारखा आहे.

हा खेळ मुळात फ्रान्सचा. आर्माँ जामो यांनी तिथल्या दूरचित्रवाणीसाठी 1965 मध्ये शब्दांचा खेळ सुरू केला. पुढे त्यात आकडे आले आणि 1972 पासून तो ‘दे शिफ्र ए दे लेत्र’ या नावाने चालू राहिला. यॉर्कशायर टेलिव्हिजनने तो आधी आपल्या भागापुरता करून पाहिला आणि मग नव्या वाहिनीला दिला. आजच्या भागात पंधरा फेऱ्या असतात. त्यातल्या दहा फेऱ्या अक्षरांच्या, चार फेऱ्या आकड्यांच्या आणि शेवटी नऊ अक्षरांचं एक कोडं. अक्षरांच्या फेरीत स्पर्धक स्वर हवा की व्यंजन एवढंच सांगतो. फळ्यावर नऊ अक्षरं लागतात, घड्याळाचा काटा अर्धं वर्तुळ फिरतो, ॲलन हॉकशॉ यांची ती धून वाजते आणि तीस सेकंदांत वेळ संपते. मग दोघांनी आधी नुसती संख्या सांगायची: सात, आठ. शब्द नंतर. दोघांची संख्या सारखी असेल आणि एखाद्याने शब्द कागदावर लिहिलेला नसेल, तर त्याने तसं सांगायचं आणि आधी शब्द उघड करायचा. दोघांचा शब्द एकच निघाला, तर कागद एकमेकांना दाखवायचे. हजारो भागांत हजारो अनोळखी माणसांनी हा संकेत पाळला आहे. मला या खेळातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आकड्यांच्या फेरीत सहा आकडे मिळतात, त्यातले किती मोठे (25, 50, 75, 100) हवेत ते स्पर्धक सांगतो आणि यंत्र तीन अंकी लक्ष्य देतं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून तिथवर पोहोचायचं. प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा. 1997 मधली एक फेरी या कार्यक्रमाच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. आकडे आले 25, 50, 75, 100, 3 आणि 6. लक्ष्य 952. चार मोठे आकडे मागणं मुळातच जोखमीचं असतं. घड्याळ थांबल्यावर स्पर्धक म्हणाला, जमलं. शंभरात सहा मिळवले, 106. त्याला तीनने गुणलं, 318. इथवर ठीक. मग तो म्हणाला, 318 गुणिले 75. स्टुडिओत हशा पिकला, कारण हजाराच्या आतलं उत्तर हवं असताना हा माणूस वीस हजारांच्या पुढे निघाला होता. 318 पाऊणशे म्हणजे 23,850. त्यातून 50 वजा केले, 23,800. त्याला 25 ने भागलं. 952. कार्यक्रमात गणिताची बाजू सांभाळणाऱ्या कॅरॉल व्हॉर्डरमन फळ्यावर पडताळत होत्या आणि त्यांचाही चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तो तुकडा इंटरनेटवर आजही फिरतो, आणि ज्यांनी हा कार्यक्रम कधी पाहिलेला नाही असे लोकही तो शेवटपर्यंत बघतात. गणित करणाऱ्या माणसाकडे बघण्यात नाट्य असतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

आणि हे सगळं कशासाठी? एक सामना जिंकला तर चहाची किटली. सलग आठ जिंकले तर तूर्त निवृत्ती आणि पुढे अंतिम फेऱ्यांचं निमंत्रण. मालिकेचं विजेतेपद मिळालं, तर कित्येक वर्षं ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचे वीस खंड मिळत. रोख रक्कम नाही.

हे मुद्दाम सांगतो आहे, कारण आपल्याकडे ब्रिटिश गेम शो म्हटला की दुसरंच चित्र डोळ्यांसमोर येतं. 1998 मध्ये तिकडे ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर’ सुरू झाला, दोन वर्षांत तो ‘कौन बनेगा करोडपती’ होऊन आपल्या घरात आला आणि पुढे मराठीतही आला. तो कार्यक्रम चांगलाच होता, त्याने सामान्य माणसाला मोठ्या खुर्चीवर बसवलं. पण त्याचा सगळा ताण पैशांचा. प्रश्न अवघड होत जातो तसा रकमेचा आकडा वाढतो आणि बघणारा त्या आकड्याकडे बघतो. ब्रिटनमध्ये तो 2014 मध्ये थांबला आणि 2018 मध्ये नव्या सूत्रसंचालकासह परतला. ज्याच्या हाती पैशांचा एवढा मोठा ताण होता, त्याला चार वर्षं घरी बसावं लागलं. किटली देणारा कार्यक्रम त्या काळातही रोज चालू होता. प्रेक्षकाला लालूच दाखवली की तो टिकतो, हे गृहीतक वाहिन्यांच्या कार्यालयांत फार पक्कं बसलेलं आहे. माझ्या मते ‘काउंटडाउन’ने ते खोटं ठरवलं आहे.

चांगले दिवस आले ते सूत्रसंचालक रिचर्ड व्हाइटली आणि कॅरॉल व्हॉर्डरमन यांच्या जोडीमुळे, असं सांगतात. ते बरंचसं खरं आहे. व्हाइटली यॉर्कशायरच्या प्रादेशिक बातम्या सांगणारे. भडक रंगांचे कोट, पडणारे विनोद, मधूनच अडखळणं. पण खेळणाऱ्याला त्यांच्यासमोर भीती वाटत नसे. समोरचा माणूस निवृत्त शिक्षक असो की शाळकरी मुलगा, त्याला आपल्या घरी बोलावल्यासारखं ते बोलायचे. आठ वर्षांच्या मुलानेही या खुर्चीत बसून खेळून दाखवलं आहे. व्हॉर्डरमन केंब्रिजहून इंजिनिअरिंग शिकलेल्या, पहिल्या भागाच्या वेळी एकवीस वर्षांच्या. त्यांचा अर्ज त्यांच्या आईने परस्पर पाठवला होता. एक तरुण बाई कोणताही गाजावाजा न करता लाखो लोकांसमोर तोंडी हिशेब करते, हे दृश्य ब्रिटनने सव्वीस वर्षं पाहिलं. त्यानंतर 2009 मध्ये फळ्याशी उभ्या राहिल्या त्या रेचल रायली. त्या ऑक्सफर्डला गणित शिकलेल्या आणि ‘काउंटडाउन’ सुरू झालं तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या. मुलींना गणित जमत नाही असं म्हणणाऱ्याला त्या देशात रोज दुपारी उत्तर मिळत होतं. कुठल्याही सरकारी मोहिमेने हे इतकं सातत्याने केलेलं नाही.

26 जून 2005 रोजी व्हाइटली यांचं निधन झालं. त्यानंतरच्या काळाकडे बोट दाखवून लोक म्हणतात की इथून घसरण सुरू झाली. त्यांच्या खुर्चीत डेस लायनम आले, चित्रीकरणासाठी लीड्सचा प्रवास झेपेना म्हणून वर्षभराने त्यांनी कार्यक्रम सोडला. डेस ओकॉनर आले. 2008 मध्ये व्हॉर्डरमन यांना मानधनात 90 टक्के कपात घ्यायला सांगितल्याचं त्यांच्या बाजूने जाहीरपणे सांगण्यात आलं, आणि वर्षअखेर ओकॉनर आणि त्या दोघंही बाहेर पडले. मग जेफ स्टेलिंग, मग निक ह्यूअर, 2021 मध्ये ॲन रॉबिन्सन, आणि त्यांच्यानंतर कॉलिन मरी. खुर्ची इतक्या वेळा हलली की कुठलंही घर डळमळलं असतं.

पण नीट पाहिलं तर दिसतं की खेळ डळमळला नाही. स्पर्धकांचे शब्द तपासायला शब्दकोशाच्या कोपऱ्यात सूझी डेंट 1992 पासून बसल्या आहेत. घड्याळ तेच, नियम जवळपास तेच. खेळाडूंचा दर्जा तर वाढतच गेला. माजी स्पर्धकांनी इंटरनेटवर सरावाची जागा तयार केली, तिथे मुलं हजारो फेऱ्या खेळतात, आणि शहराशहरांत जमून आपापल्या स्पर्धाही भरवतात. एके काळी शंभर गुण ही मोठी कामगिरी समजली जायची, आता चांगला खेळाडू ते सहज करतो. यावर एक तक्रार होते की घरी बसून सहज खेळणारा माणूस आता या तयारीच्या मुलांपुढे टिकत नाही. तक्रार अगदीच खोटी नाही. तरीही, ज्या खेळाचे खेळाडू स्वतःच्या हौसेने, एक पैसा न मिळता इतकी तयारी करतात, तो खेळ मरायला टेकला आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

सूत्रसंचालक निवडताना एक चूक झाली असं मला वाटतं, ती स्वभावाची. ॲन रॉबिन्सन कर्तबगार पत्रकार आहेत, पण त्यांची ओळख झाली ती ‘द वीकेस्ट लिंक’मध्ये हरणाऱ्याला टोचून घालवण्यामुळे. ‘काउंटडाउन’मध्ये हरणारा माणूसही हसत हात मिळवतो आणि मान राखून जातो. तिथे ती धार बसत नाही. वर्षभरातच त्या गेल्या. कॉलिन मरी आल्यावर पुन्हा खेळाडूबद्दलचं कुतूहल परत आलं आणि कार्यक्रम सावरला. माणसं बदलली तर कार्यक्रम सावरू शकतो, हे त्यातून दिसलं.

वेळेची गोष्ट वेगळी आहे. ती काढून घेतली की सावरायला जागाच राहत नाही.

सुरुवातीची वीसेक वर्षं हा कार्यक्रम साडेचारच्या आसपास लागायचा. त्या देशात शाळा साधारण तीन ते साडेतीनला सुटते. मूल घरी येतं, दप्तर टाकतं, काहीतरी खातं, आणि टीव्हीवर घड्याळ सुरू होतं. आजी-आजोबा आधीच बसलेले असतात. सत्तर वर्षांचा माणूस आणि दहा वर्षांचं मूल एकाच वेळी, बरोबरीने खेळू शकतील असे कार्यक्रम जगात किती आहेत? बहुतेक ठिकाणी मोठ्यांनी मुलांचं बघायचं असतं किंवा मुलांनी मोठ्यांचं. इथे आजी सात अक्षरी शब्द काढते आणि नात आकडे जुळवते. विद्यापीठांतली मुलं वसतिगृहात घोळक्याने बघत. 2003 च्या सुमारास हा कार्यक्रम सव्वातीनच्या आसपास सरकवला गेला. पुढे 2005 च्या ऑक्टोबरअखेर त्याच वाहिनीवर सव्वाचारला ‘डील ऑर नो डील’ लागू लागला. त्यात बंद पेट्या उघडायच्या आणि आत किती पैसे आहेत ते बघायचं. मुलांच्या घरी येण्याच्या वेळी बुद्धीचा खेळ उठला आणि नशिबाचा बसला. अलीकडच्या काळात तर ‘काउंटडाउन’ दुपारी दोनच्या सुमारास सुरू होतो. त्या वेळी मूल वर्गात असतं, आईवडील कामावर. घरात उरतात ते निवृत्त आणि आजारी. आणि मग त्याच वाहिनीला वाटतं की हा म्हाताऱ्यांचा कार्यक्रम आहे.

हे का होतं, तेही सरळ आहे. चॅनेल फोर सरकारी मालकीची वाहिनी आहे, पण ती जाहिरातींवर चालते, प्रेक्षकांच्या परवाना शुल्कावर नाही. जाहिरातदार तरुण प्रेक्षकासाठी जास्त पैसे मोजतो. वयस्कर प्रेक्षक जास्त वेळ, जास्त निष्ठेने बघतो, तरी त्याची किंमत कमी धरली जाते. साहजिकच संध्याकाळकडे झुकणारी वेळ महाग आणि दुपारची स्वस्त. ज्या कार्यक्रमाला ‘जुना’ हा शिक्का लागला तो स्वस्त वेळेकडे सरकतो, तिथे त्याला फक्त जुने प्रेक्षक मिळतात आणि शिक्का आणखी गडद होतो. हे चक्र कुणी वाईट हेतूने फिरवत नाही. पण ते थांबवण्याची जबाबदारी कुणाची तरी आहे, आणि सार्वजनिक मालकी त्याचसाठी असते.

फ्रान्समध्ये हे चक्र पूर्ण फिरलेलं पाहायला मिळालं. मूळ कार्यक्रम तिथे रोज लागायचा. 2022 मध्ये तो फक्त शनिवार-रविवारवर आणला गेला. अनेक दशकं शब्द आणि आकडे तपासणारे आरिएल बुलँ-प्रा आणि बर्ट्राँ रनार बाहेर पडले. 2024 मध्ये कार्यक्रम बंद झाला. जगाला हा खेळ देणाऱ्या देशात, सार्वजनिक वाहिनीवरच तो संपला. त्यासाठी नियम बदलावे लागले नाहीत. रोजची सवय मोडली, ओळखीचे चेहरे गेले, तेवढं पुरलं. रोजच्या वेळेला बांधलेल्या कार्यक्रमाचा जीव त्या सवयीतच असतो. ती तोडून झाल्यावर मग प्रेक्षकसंख्येचे तक्ते दाखवून बंद करण्याचं समर्थन करणं, हे मला प्रामाणिक वाटत नाही.

यावर एक उत्तर मिळतं की आता वेळ कुणाला लागते, कार्यक्रम वाहिनीच्या ॲपवर हवा तेव्हा बघता येतो. ज्याला आधीच माहीत आहे त्याच्यासाठी ही सोय चांगली आहे, तिला मी नाव ठेवत नाही. पण दहा वर्षांचं मूल ॲप उघडून अक्षरांचा खेळ शोधायला जात नाही. हे त्याला सापडतं ते समोर चालू असताना, कुणी मोठं माणूस आधीच त्यात गुंतलेलं असताना. ‘काउंटडाउन’च्या कित्येक विजेत्यांना त्याची गोडी अशीच लागली असणार. हा खेळ एकट्याने मागे-पुढे करत बघण्यासारखा नाहीच. काटा सगळ्यांसाठी एकदमच फिरायला हवा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. फोनवरचा साधा प्रोग्रॅम डोळ्याचं पातं लवायच्या आत नऊ अक्षरांतून सर्वांत लांब शब्द काढतो आणि 952 चे सगळे मार्ग सांगतो. मग माणसाने तीस सेकंद डोकं खाजवण्यात काय अर्थ? मी याचा उलटा विचार करतो. उत्तर क्षणात मिळण्याच्या काळात, उत्तर न मिळालेले तीस सेकंद सहन करण्याचा सराव माणसाला कुठे मिळणार? शाळेत परीक्षेची भीती असते, फोनवर धीर नसतो. इथे कुणी गुण कापत नाही, चुकलं तर पुढची फेरी असते. आणि आपल्याला जमलं नाही ते समोरच्याला जमलं, हे बघण्यात निखळ आनंद मिळतो. आकड्यांच्या फेरीत दोघेही अडले की फळ्याशी उभी असलेली बाई खडू फिरवावा तशा सहजतेने उत्तर मांडते, तेव्हा घरातला माणूस ‘अरे, हे तर आपल्याला दिसायला हवं होतं’ असं म्हणतो आणि पुढच्या वेळी जास्त जोर लावतो. ही गोडी यंत्राने कमी केलेली नाही.

तरुणांना हा खेळ नको असतो, या समजाला तर चॅनेल फोरनेच उत्तर दिलं आहे. वाहिनीच्या तिसाव्या वर्षी, 2012 च्या जानेवारीत गंमत म्हणून विनोदवीरांना घेऊन ‘काउंटडाउन’चा एक खास भाग केला गेला. तो इतका आवडला की ‘एट आउट ऑफ टेन कॅट्स डझ काउंटडाउन’ अशी रात्रीची मालिकाच उभी राहिली. तिथे जिमी कार आणि मंडळी धमाल करतात, पण फळ्याशी रेचल रायलीच असतात, कोपऱ्यात सूझी डेंटच. अक्षरं नऊच, सेकंद तीसच. दुपारचा कार्यक्रम कधी न पाहिलेली पिढी रात्री हा खेळ शिकली. म्हणजे योग्य वेळ मिळाली तर याच खेळाला तरुण प्रेक्षक मिळतो, हे वाहिनीच्या डोळ्यांसमोर आहे. त्या रात्रीच्या मालिकेचं मला कौतुकच आहे, पण तिच्यामुळे दुपारच्या मूळ कार्यक्रमाची फिकीर करायला नको असं कुणी समजू नये. विनोदवीर उत्तर चुकवण्यासाठी बसतात. खरे खेळाडू दुपारी असतात.

2022 मध्ये तेव्हाच्या सरकारने चॅनेल फोर विकायला काढली होती. विरोध झाला आणि जानेवारी 2023 मध्ये तो बेत सोडला गेला. वाहिनी वाचवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा हाच होता की बाजाराला परवडत नाही ते करण्यासाठी ती आहे. मी त्या बाजूचा आहे. म्हणूनच आता तिला विचारलं पाहिजे की तुम्ही ते करता का. स्टुडिओत होणारा, एका दिवसात अनेक भाग चित्रित होणारा, रोख बक्षीस नसलेला हा कार्यक्रम तिच्या सर्वांत स्वस्त कार्यक्रमांपैकी असणार. त्याला जगवण्यासाठी तिजोरी रिकामी करावी लागणार नाही.

ब्रिटनच्या 2010 च्या डिजिटल इकॉनॉमी कायद्याने या वाहिनीवर एक स्पष्ट कर्तव्य टाकलं आहे. मोठी होत असलेली मुलं आणि तरुण यांच्या आवडीला आणि हिताला धरून कार्यक्रम देणं तिला बंधनकारक आहे. ऑफकॉम या नियामकाने 2025 पासून दहा वर्षांसाठी तिचा परवाना नव्याने दिला, तेव्हाही सार्वजनिक सेवेच्या जबाबदाऱ्या कायम ठेवल्या. अशा मुलांसाठी नवं काहीतरी शोधण्यावर वाहिनी पैसे खर्च करते, आणि तिच्याकडे पहिल्या दिवसापासून असलेला, त्या मुलांना भाषा आणि गणित हसतखेळत देणारा कार्यक्रम ती मुलं वर्गात बसलेली असताना दाखवते. प्रयोग म्हणून एका शालेय सत्रापुरता, सप्टेंबर ते डिसेंबर, तो साडेचारला लावून बघा. सुट्टीत नको, शाळा चालू असताना. प्रेक्षकसंख्येचा तक्ता काढाल तो सत्र संपल्यावर काढा, आणि त्यात सोळा वर्षांखालच्यांचा रकाना वेगळा ठेवा.